अंडं बोललं का?

राजानंदला सगळं ऐकू यायचं. असं त्याचं म्हणणं. गावाचं म्हणणं वेगळं होतं, पण ते तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, आणि पाठीमागं म्हटलेलं त्याच्यापर्यंत पोचायचा प्रश्नच नव्हता.

आता त्याला अगदीच बहिरा म्हणणं अन्यायाचं होईल. ट्रॅक्टर त्याला ऐकू यायचा. मंठ्याहून येणारी एस.टी. फाट्यावर घरघरली की हा ओट्यावरून उठून उभा. ढगाचा गडगडाट, म्हशीचं रेकणं, शेजारच्या रखमाजीचं पहाटेचं खोकणं, सगळं बराबर. अडचण होती ती बारीक आवाजांची. कुकरची शिट्टी, मोबाईलची रिंग, सायकलची घंटी, रातकिडे, चिमण्या आणि बायको. बेबीनंदाचा आवाज मुळातच मऊ. लग्नात तिनं नाव घेतलं तेव्हा मांडवातल्या निम्म्या लोकांना ते घेऊन झाल्याचं कळलंच नव्हतं.

तिनं "भात टाकू का भाकरी?" असं विचारलं की राजानंद मान हलवायचा. "हां, हां." "नळ आलाय, आधी रांजण भरू का हौद?" "हां, हां." "तुमचा चष्मा म्हशीनं खाल्ला." "हां, हां." हे शेवटचं तिनं एकदा मुद्दाम म्हणून पाहिलं होतं. हसायला म्हणून म्हटलं, पण हसू काही आलं नाही. आत जाऊन ती बराच वेळ चुलीपुढं नुसतीच बसून राहिली.

पण म्हणून राजानंदच्या जगात सगळी सामसूम होती असं समजू नका. त्याच्याजवळ जुने आवाज भरपूर साठवलेले होते आणि तो ते हिशेबानं वापरायचा. कडुनिंबावर चिमणीची चोच हलली की तो आपल्या लहानपणची चिवचिव तिच्या चोचीत घालायचा. बेबीनंदा ओठ हलवत अंगण झाडायची तेव्हा ती पंचवीस वर्षांपूर्वी जे गुणगुणायची तेच त्याला आजही ऐकू यायचं. खरं तर तिनं गुणगुणणं कधीच सोडलं होतं. ती आता अंगण झाडताना एकटीच पुटपुटायची, आणि ते बहुतेक त्याच्याबद्दलच असायचं. पण त्याला कोण सांगणार? माणूस सुखात होता.

जालन्याच्या एमआयडीसीत, सळई काढायच्या एका कारखान्यात, भट्टीच्या तोंडाशी त्याचं उभं आयुष्य गेलं होतं. तिकडं खोली करून राहायचा आणि सुट्टी मिळाली की गावाकडं यायचा. मागच्या वर्षी एक दिवस तो पत्र्याची पेटी घेऊन उतरला, तो परत गेलाच नाही. "गुडघे धरले," म्हणाला. बेबीनंदानं तेल गरम करून महिनाभर गुडघे चोळले. गुडघे उत्तम होते. पण नवरा इतक्या वर्षांनी घरात राहतोय म्हटल्यावर तिनं जास्त खोलात जायचं टाळलं.

पोरगी साक्षी तशी नव्हती. ती मंठ्याला दवाखान्यात नर्स. घरी आली की पहिलं वाक्य हेच, "पप्पा, जालन्याला चला. कान दाखवू. छोटी मशीन असती, दिसतबी न्हाई."

"मला समदं ऐकू येतं," राजानंद म्हणायचा. "तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलून राह्यल्या. साफ बोलत जा." आणि हे इतक्या जोरात म्हणायचा की ओट्यावरचं मांजर उठून जायचं.

तर असा हा माणूस. आणि त्याच्या रिकाम्या हातांना काम लावलं ते समोरच्या तुळजाबाईच्या कोंबडीनं, म्हणजे खरं तर ती मेल्यामुळं.

तुळजाबाईची तांबडी कोंबडी खुडूक झाली होती. अंडी कोंड्याच्या टोपल्यात जमवून ठेवलेली, आता उबवायला बसवायची, तर दुपारी मुंगसानं कोंबडीच नेली. गल्लीत दुसरी खुडूक कोंबडी नव्हती. तुळजाबाई टोपलं घेऊन ओट्यावर बसली आणि मुंगसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. तो मात्र राजानंदला अक्षरन् अक्षर ऐकू गेला. तुळजाबाईचा आवाज ट्रॅक्टरच्या जातीचा होता.

"मावशी, आण इकडं ती अंडी," तो म्हणाला. "मी उबवतो."

"तू बसतो का त्यायच्यावर?"

गल्ली हसली, पण राजानंद कामाला लागला. औषधाच्या दुकानातून थर्माकोलचा मोठा डबा आणला. त्यात बल्ब लावला. गरमी ठरल्यापेक्षा वाढली की बल्ब आपोआप बंद करणारं यंत्र साक्षीनं मागवून दिलं. भंगारातल्या कॉम्प्युटरचा पंखा बसवला, वाटीत पाणी ठेवलं आणि फुटलेल्या तसबिरीची काच कापून झाकणाला खिडकी केली. जन्मभर लोखंड लाल करणारा माणूस तो. भट्टीतल्या धगीपुढं कातडी करपून निघायची. आता त्याला आपल्या अंगाच्या तापापेक्षा थोडीशीच जास्त अशी ऊब सांभाळायची होती. एवढीशी गरमी! पहिल्या दिवशी हात आत घालून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला. ही गरमी त्याला फार आवडली.

तुळजाबाईनं बटई ठरवली, निम्मी पिल्लं तुझी, निम्मी माझी. गावात खुडूक कोंबडी उसनी दिली तरी हाच कायदा, मग पेटीला वेगळा कशाला? जाताना म्हणाली, "अन् अंडं बोलायला लागलं की मला हाक मार. मी आल्याबिगर कोणी फोडू नका."

अंडं बोलणं म्हणजे काय ते राजानंदला सांगायची गरज नव्हती. तो लहान असताना त्याची माय, गिरिजाबाई, कोंबडीला अलगद उचलून तिच्या पोटाखालचं अंडं काढायची आणि त्याच्या कानाला लावायची. गरम गरम अंडं, आणि त्याच्या आतून बारीक आवाज. ची... ची... फुटायच्या आदल्या दिवशी पिल्लू आतूनच बोलतं. "पाय," माय म्हणायची, "अजून जल्मलं न्हाई अन् तुला हाक मारून राह्यलं." तेव्हा त्याला वाटायचं, जन्माला यायच्याही आधी आपल्याला हाक मारणारं जगात दुसरं कुणी नसेल.

तो आवाज त्याला पुन्हा ऐकायचा होता. बाकी सगळे आवाज आठवणीतून काढता येत होते, हा मात्र येत नव्हता. कितीही आठवला तरी अंड्याची ऊब तेवढी कानाशी यायची आणि आवाजाच्या जागी काहीच नसायचं.

तुळजाबाई अंडं बोलायचं म्हणाली तेव्हा साक्षी तिथंच होती. ती आईला हळूच काहीतरी म्हणाली आणि दोघी त्याच्याकडं पाहून गप्प झाल्या. राजानंदला शब्द कळले नाहीत, पण चेहरे वाचायला कान लागत नाहीत.

"मला ऐकू येणार न्हाई म्हणता का?" तो गरजला. "लावा पैज! अंडं बोललं अन् मला ऐकू आलं, तर ह्या घरात मशीनचं नाव काढायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

"अन् न्हाई आलं तर?" साक्षीनं मोठ्यानं विचारलं.

"तर नेशील तिकडं येतो."

पैज अंड्यांवर ठरली, आणि अंड्यांना त्याची काही खबर नव्हती. पेटी आतल्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली ट्रंकेवर ठेवली गेली. प्रत्येक अंड्यावर एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा. सकाळी फुल्या वर, दुपारी गोळे वर, संध्याकाळी पुन्हा फुल्या. कोंबडी हे चोचीनं करते. राजानंद भट्टीवर लांब चिमटे धरून घट्टे पडलेल्या बोटांनी करायचा, आणि इतक्या नाजूकपणे, की बेबीनंदा दारातून बघत राहायची. ह्या हातांना असलं काही येतं हे तिला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तिला थोडा रागही आला.

आठवडा झाल्यावर कणगीमागच्या अंधारात मोबाईलच्या उजेडावर अंडी धरून पाहिली. काही अंडी नुसतीच पिवळी उजळली. पण बाकीच्यांत लाल बारीक शिरा पसरल्या होत्या आणि मधोमध एक ठिपका लकलक हलत होता. "काळीज!" राजानंद ओरडला. बेबीनंदानं घाईनं त्याच्या हाताखाली पदर धरला, न जाणो हातातून सुटलं तर.

दुपारी घर निजायचं तेव्हा तो पेटीपुढं बसून राहायचा. काचेतून बल्बचा पिवळसर उजेड त्याच्या तोंडावर यायचा. अंडी हलत नव्हती, बोलत नव्हती, काहीच करत नव्हती, आणि तरी त्यांच्याकडं बघण्यात वेळ कसा जायचा कळायचं नाही. बघता बघता डोळा लागायचा. एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. तो कुठंतरी गोल, उबदार जागेत पाय पोटाशी घेऊन बसलाय. भिंती पातळ, त्यांतून नारिंगी उजेड येतोय. बाहेर कुणीतरी बोलतंय. शब्द कळत नाहीत, पण बोलणारं माणूस आपलं आहे, आपल्यालाच काहीतरी सांगतंय, एवढं पक्कं कळतंय. तो भिंतीला कान लावतो. मग भिंतच हलायला लागते आणि तो जागा होतो. समोर बेबीनंदा चहाचा कप घेऊन उभी, तिचे ओठ हलतायत.

"हां, हां," तो म्हणायचा, आणि कप घ्यायचा.

एका दुपारी लाईट गेली. दुरुस्तीचं काम निघालं होतं आणि कधी येईल ते कुणी सांगेना. राजानंद घाबरला. त्यानं पेटी गोधडीत गुंडाळली, गरम पाण्याच्या बाटल्या आत ठेवल्या, आणि तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून अख्खी पेटी मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी कवटाळून भिंतीशी बसला. बसल्या बसल्या त्याला वाटलं, आतल्यांनाही भीती वाटत असेल. कोंबडी असती तर अशा वेळी पोटातल्या पोटात काहीतरी बोलली असती. म्हणून तो बोलायला लागला.

आधी इकडचं तिकडचं. मग मायचं. मग भट्टीचं. आणि मग, गोधडीवर हनुवटी टेकून, अगदी कानगोष्ट सांगावी तसं त्यानं सांगितलं, "गुडघ्याचं समदं खोटं हाय. तुमाला म्हणून सांगतो. त्या दिवशी तापलेली सळई रोलमधून उसळली. माह्यासंगं काम करणारा भिवा वरडला. समदे वरडले म्हणं. मला ऐकू न्हाई आलं. मी पाठ करून हुबा. भिवानं पळत यून मला वढलं, अन् सळई त्याच्या हातावरून गेली. कोपरापतुर भाजला. माह्यामुळं. पुन्हा मी त्याच्या घरी गेलो न्हाई. काय तोंड दाखवू? मला ऐकू येत न्हाई असं म्हणलं, तर त्याचा हात मीच जाळला असं व्हतं ना."

आता यातली गंमत अशी, की जो माणूस स्वतःचा आवाज अर्धाच ऐकतो त्याला आपली कानगोष्ट किती मोठी झाली हे कळत नाही. भिंतीला कान असतात म्हणतात. इथं तर भिंती पत्र्याच्या होत्या आणि लाईट गेल्यामुळं गल्लीत टीव्ही, पंखा, गिरणी सगळं बंद. समोर तुळजाबाईचं सूप हातात थांबलं. रखमाजीनं आलेला खोकला गिळला. आणि स्वयंपाकघरात, पिठात हात घातलेली बेबीनंदा जागच्या जागी बसून राहिली. एकदा तिला वाटलं उठावं, जाऊन त्याच्या पाठीवर हात ठेवावा. पण तो तिला सांगत नव्हता. तो अंड्यांना सांगत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि पिठाचे हात असल्यामुळं ते पुसताही येईना.

लाईट आली. त्या दिवशी चहात साखर जास्त होती. राजानंदनं कपाकडं पाहिलं आणि गुपचूप प्यायला.

त्या दिवसापासून तो रोजच अंड्यांशी बोलायला लागला, आणि गल्लीला त्याचं आयुष्य थोडं थोडं करून कळत गेलं. गावाला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण एक सांगतो, या गल्लीनं त्या बाबतीत कानावर हात ठेवले. एरवी कुणाच्या घरी कोणती भाजी शिजली याची चर्चा करणाऱ्या बायका, पण भिवाच्या हाताबद्दल एक शब्द कुणाच्या तोंडून निघाला नाही.

शेवटचे दिवस आले. अंडी हलवायचं बंद केलं. राजानंद पिठाची गिरणी गाठायला गेला होता तेव्हा तुळजाबाई आली आणि तिनं बायकांची जुनी परीक्षा घेतली. परातीत कोमट पाणी, त्यात एकेक अंडं सोडायचं. आत जीव असला तर अंडं पाण्यावर आपोआप हिसके देतं, नाचतं. बहुतेक अंडी नाचली. दोन-तीन नुसतीच तरंगत राहिली. तुळजाबाईनं कोळशानं त्यांच्या बुडाला रेघ ओढली. "ही गार. टाकून दे."

बेबीनंदाच्यानं टाकवेना. तिनं ती पुसून पेटीत एका कोपऱ्यात ठेवली आणि दोघी ओट्यावर जाऊन बसल्या.

राजानंद आला तो सरळ पेटीकडं. झाकण उघडलं, हाताला आलं ते अंडं उचललं, कानाला लावलं आणि डोळे मिटले.

"बोललं!"

हाक कसली, आरोळीच. दोघी धावत आत आल्या. राजानंदचा चेहरा असा झाला होता, की तसा बेबीनंदानं लग्नातही पाहिला नव्हता. "बोलून राह्यलं! ची... बारीक... तसंच हाय, मायनं ऐकवलं तसंच!" अंडं त्यानं कानाला घट्ट धरलं होतं आणि त्याच्या बोटांमधून बुडाची काळी रेघ स्वच्छ दिसत होती.

तुळजाबाईनं तोंड उघडलं. बेबीनंदानं तिचं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. मग ती नवऱ्याकडं बघून मान हलवत मोठ्यानं म्हणाली, "हाव! बोललं!"

राजानंदनं साक्षीला फोन केला. "जिंकलो!" एवढंच सांगून ठेवून दिला. तसंही तिकडून काय उत्तर आलं ते त्याला ऐकायचं नव्हतं.

दोघी गेल्यावर तो पुन्हा बसला. पुन्हा एकदा ऐकावं म्हणून तेच अंडं घेतलं. ची... बारीक, लांबवर, न थांबता. तो ऐकत राहिला. फार गोड वाटलं. मग मनात आलं, हे दम कधी घेतं? त्यानं अंडं कानापासून दूर केलं.

आवाज चालूच होता.

त्यानं अंडं हातभर लांब धरलं. आवाज तेवढाच. पेटीत ठेवलं, झाकण लावलं, उठून अंगणात गेला, कडुनिंबाखाली उभा राहिला. आवाज त्याच्याबरोबर आला. आणि मग त्यानं तो ओळखला. भट्टीवरची ड्यूटी करून खोलीवर पडलं की हाच डोक्यात वाजायचा. इतकी वर्षं वाजत होता की त्याकडं लक्ष देणंच त्यानं सोडलं होतं. तो परत आत आला, अंडं उलटं केलं आणि रेघ पाहिली. कोळशाची रेघ काय असते ते गिरिजाबाईच्या पोराला माहीत होतं. म्हणजे बेबीनंदालाही माहीत होतं, आणि तरी ती "हाव" म्हणाली होती.

त्यानं ते अंडं कडुनिंबाखाली पुरलं. जेवला नाही. बेबीनंदानं विचारलं तेव्हा त्यानं मानही हलवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी फुटली. एकाला बारीक तडा, दुसऱ्याला टवका, तिसऱ्यातून चोच. तुळजाबाई आली, गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी आल्या, सुट्टी काढून साक्षीही आली. सगळ्या पेटीभोवती डोकी घालून बसल्या. "ऐका, ऐका!" राजानंद बाहेर ओट्यावर, पाठ दाराकडं. त्याला ना कुणी बोलावलं, ना तो गेला. अंडी बोलत होती, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप झाला तोच एकटा ते ऐकत नव्हता. मला विचाराल तर त्या घरात इतका एकटा माणूस त्या क्षणी दुसरा कुणी नव्हता.

उन्हं वर आली तशी पिल्लं सुकून भुसभुशीत झाली. बेबीनंदानं ती बाहेर आणून ओट्याखाली गोणपाटावर सोडली आणि भोवती पाट उभे केले. आणि पिल्लांनी जो गिल्ला सुरू केला, तो थांबेचना. आई नाही, पंख नाहीत, ओरडण्याशिवाय ती करणार काय? तुळजाबाईनं कोंबडीसारखं कुडूक कुडूक करून पाहिलं. साक्षीनं चुचकारलं. बेबीनंदानं बाजरीची कणी टाकली. पिल्लं सैरावैरा पळत होती, पाटांना धडका देत होती.

राजानंद वरून बघत होता. चोची उघडत होत्या, मिटत होत्या. या वेळी त्याच्याजवळ घालायला जुना आवाजही नव्हता. न राहवून तो म्हणाला, "गरमी कमी पडून राह्यली का त्यायला?"

पिल्लं थांबली.

एकदम, सगळी. मग ती वळली आणि ओट्याच्या दिशेनं धावत सुटली. एकमेकांवर चढत, पडत, त्याच्याकडच्या पाटाशी येऊन ढीग करून उभी राहिली, माना वर करून. बायका त्याच्याकडं बघायला लागल्या.

"काय झालं?" राजानंदनं विचारलं. तो बोलल्याबरोबर ढीग आणखी त्याच्याकडं सरकला.

तो ओट्यावरून उतरला, दुसऱ्या बाजूला जाऊन उकिडवा बसला. "या," म्हणाला. ढीग फुटला आणि धावत त्या बाजूला आला. त्यानं हात आत ठेवला. पिल्लं बोटांखाली, मनगटाशी, तळव्याच्या खळग्यात घुसली आणि तिथंच डोळे मिटायला लागली. त्याला त्यांचा आवाज येत नव्हता, पण तळहातावर प्रत्येकाचं थरथरणं कळत होतं.

बेबीनंदा काहीतरी म्हणाली. तिच्या रीतीनं, हळूच. राजानंदची मान सवयीनं हलायला लागली. "हां, हा..."

आणि मधेच थांबली.

"मला ऐकू न्हाई आलं," तो म्हणाला. "परत सांग."

साक्षीनं चमकून वर पाहिलं. हे वाक्य या घरात कधी कुणी ऐकलं नव्हतं. बेबीनंदा उठली, त्याच्याजवळ येऊन बसली, आणि सगळ्यांच्या देखत तोंड त्याच्या कानाशी नेऊन एकेक शब्द सुटा सुटा बोलली.

"त्यायला तुमचा आवाज वळखू येतो. तुमचं समदं ऐकलं त्यायनी." मग आणखी जवळ सरकली. "मीबी ऐकलं. भिवाभाऊचंबी."

राजानंदनं दुसरा हातही पिल्लांभोवती धरला. डोळे भरून आले ते त्यानं लपवले नाहीत, हातच मोकळा नव्हता.

"साक्षी," तो शेवटी म्हणाला, "जालन्याला जाऊ. पण आधी भिवाच्या घरी. मंग डॉक्टरकडं."